आधी उंची, मग वळण

वडगावात, आमच्या मागांच्या खोलीवर,
माळ्यावर माझं विमान आहे.
सेकंडहँड कॉम्प्युटर, शहापूरच्या सायबर कॅफेवाल्यानं
दुकान मोडताना विकलेला,
जॉयस्टिकचं एक बटण दात पडल्यासारखं,
खुर्ची मंडपवाल्याची, परत द्यायची राहिलेली.

खाली चार यंत्रमाग चालतात.
ग्लासातलं पाणी थरथरतं,
पडद्यावरचं आकाश मात्र ढिम्म.
बाकीच्यांना हादरे ढगातून येतात,
मला आईच्या मागांतून.

सांबऱ्याहून निघायचं, पश्चिमेकडं तोंड करून.
कागद टेबलावर, एका कांडीखाली दाबलेला:
धावपट्टीच्या रेषेत सरळ जा.
अमुक फुटांवर पोचल्याशिवाय वळू नको.
मग डावीकडं.
मग गुमरो, तिथं इतकी उंची, किंवा जास्त, कमी नाही.
मग तिवेक.
तिथून पुढं ज्याची त्याची वाट.

एवढंच. पोस्टकार्डावर मावेल.
आणि मी तीन आठवडे रोज आपटले.

कारण मला गुमरो दिसायचा ना!
नकाशावर, तिथंच, डाव्या हाताला.
गल्लीतनं बोळात शिरावं तशी मी चाकं उचलली की वळायची.
सरळ कशाला जायचं उगीच लांबून?
मग ढग, मग नुसतं पांढरं, मग
एक टेकडी, जी खिडकीतून कधीच दिसली नव्हती.

बसलिंगमामा कमते, वय अठ्ठ्याहत्तर.
हवामानाच्या खोलीत नोकरी गेली सगळी.
रोज फुगा सोडायचे,
दुर्बिणीतून त्याच्या मागं मागं जायचे,
आणि ढगात शिरला की वहीत वेळ टाकून लिहायचे: दिसेना.
संध्याकाळी येतात, खाटेवर बसतात,
चष्म्याची डबी तोंडाशी धरून टॉवर होतात.
अर्धं कन्नड, अर्धं मराठी, आकडे इंग्रजीत.
“अवसर माडब्याड, पोरी.
हा आकडा म्हणजे काय?
तुला न दिसणारी टेकडी कुणीतरी आधी बघून ठेवलीय,
त्याची ही सही.”

त्या रात्री कागद पुन्हा वाचला, बोट ठेवून.
प्रत्येक आकड्याखाली काहीतरी उभं होतं.
इथं कसलातरी मनोरा,
इथं डोंगराची पाठ,
इथं उतरणाऱ्या दुसऱ्या कुणाची वाट,
आणि हे कंटाळवाणं सरळ जाणं,
म्हणजे पंखांना धीर येईपर्यंतचा वेळ.

गुमरो म्हणजे काय हो, मी विचारलं.
“काय नाही. पाच रोमन अक्षरं.
रेडिओवर उच्चारता आली की झालं.”
तिथं पाटी नाही.
म्हणजे काळं फासायलाही काही नाही.
आमच्या चौकातल्या पाटीवर
तीन लिप्या आणि डांबराचे दोन थर,
आणि वर हवेत हे एक गाव,
कुणाच्याच भाषेतलं नसलेलं,
ज्याच्यावरनं कधी बंद झाला नाही.
मला आधी हसू आलं. मग जरा एकटं वाटलं.

काल जमलं असतं.
सरळ. सुई स्थिर. चारशे, सहाशे, हजार,
अजून नाही, अजून नाही, आता.
पंख पंचवीस अंशांत कलला,
पडदा पांढरा झाला,
आणि करंट गेला.

खालचे माग एकदम थांबले.
इतकी शांतता की कानांना दडे बसले,
खरंच उंचावर गेल्यासारखे.
मी जॉयस्टिकवरचा हात काढला नाही.
अंधारात डबी उघडल्याचा आवाज, मग मामा:
“उंची?”
मी सांगितली.
“दिशा?”
सांगितली.
“गुमरो किती लांब?”
तीन मैल, मी म्हणाले, आणि म्हणताना
मंडपवाल्याची खुर्ची डावीकडं झुकली, जराशी.

खालून आई: मेणबत्ती लावलीय, जेवायला उतर.

थांब गं, म्हटलं,
अजून चढालोय आम्ही.